खांदशेकणी कुठून आली?

पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ, अलीकडे आमचा आदिलाबाद. दोन्ही काठांवर पोळ्याच्या आदल्या सांजेला बैलांची खांदशेकणी होते. जुवाने घट्टे पडलेला खांदा गरम पाण्याने शेकायचा, हळद-लोणी चोळायचं, उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं. दुसऱ्या दिवशीची झूल, तोरण, मारुतीचा फेरा सर्वांना ठाऊकच आहे.

पोळ्याचं मूळ विचारलं की पोलासुर पुढे येतो. बाळकृष्णाने त्याला मारलं, म्हणून पोळा. मला हे पटत नाही. त्या गोष्टीत बैलाचा मागमूस नाही. तेलुगू शेजाऱ्यांची पोलाला अमावस्या आणि आपली पिठोरी मात्र विचार करायला लावतात. त्याच तिथीला आया लेकरांसाठी व्रत धरतात. बैल घरचं लेकरूच ठरतो. तरीही खांदाच का शेकायचा, हे उरतंच.

धागा सापडला पराशरस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात. आठ बैलांचा नांगर धर्माचा, सहांचा पोटापाण्याचा, चारांचा निर्दयाचा, दोनांचा बैल मारणाऱ्याचा. दोनच बैल असतील तर पाव दिवस हाकावेत, चार असतील तर दुपारपर्यंत, सहा पाऊण दिवस, आठ दिवसभर. भुकेला, तहानलेला, थकलेला बैल जुंपूच नये. प्राण्याला वेदना होतात का, हा इंग्रज तत्त्वज्ञ बेंथमचा प्रश्न 1789 चा. पराशरावर माधवाचार्यांचं भाष्यच चौदाव्या शतकातलं.

स्मृती कास्तकाराने कधी वाचली, असं कुणी विचारेल. वाचली नसेलच. माझ्या मते नियम शेतातून पोथीत गेला. दख्खनच्या काळ्या रानात जड लाकडी नांगराला तीन-चार जोड्या लागत. आठांचा आकडा नांगर हाकणाऱ्याचाच आहे. ज्याच्या दावणीला एकच जोडी, त्याला पाव दिवसात काम आटोपणं परवडत नव्हतं. जास्तीचं ओढवून घेतलेलं तो खांद्यापाशी फेडू लागला. खांदशेकणी तिथली, असं मी ठामपणे म्हणतो.

जनावरांच्या छळाविरुद्धच्या 1965 च्या केंद्रीय नियमांत तीच तासांची मोजणी परत आली: दिवसाला नऊ तास, सलग पाचच, आणि पारा 37 अंशांवर असेल तर दुपारी 12 ते 3 जुंपायचं नाही. आदिलाबादच्या मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. पण हा नियम गाडी ओढणाऱ्या नि ओझं वाहणाऱ्या जनावरापुरता बोलतो. पराशराने ज्याच्यापासून सुरुवात केली तो नांगर, आणि त्यासोबत वखर नि डवरा, त्यात घालायलाच हवेत.