उपास गेला, पाव राहिला

‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण आपण थट्टेनें वापरतों. युरोपच्या उत्तरेस स्वीडन देशांत मात्र या म्हणीचा इतिहासच एका पावाच्या पोटांत सांठविलेला आहे. त्या पावाचें नांव सेमला. हा गव्हाच्या बारीक पिठाचा, वेलदोड्याची पूड घातलेला, गोल व मऊ असतो. त्याचें टोपण कापून आंत बदामाच्या गोड लगद्याचें सारण भरतात, त्यावर घुसळून फुगविलेली साय रचतात आणि टोपण पुन्हां ठेवून पिठीसाखर भुरभुरवितात. ‘सिमिला’ या लॅटिन शब्दाचा अर्थ उत्तम बारीक पीठ. त्यावरून हें नांव पडलें.

हा पाव खाण्याचा मूळ दिवस म्हणजे ईस्टरपूर्वीं ४७ दिवसांवर येणारा मंगळवार. दुसऱ्या दिवशीं राखेचा बुधवार, आणि तेथून ख्रिस्ती लोकांचा दीर्घ उपवासकाल सुरू होतो. जुन्या काळीं त्या दिवसांत मांस, अंडीं, दूधदुभतें हीं वर्ज्य असत. तेव्हां घरांतील स्निग्ध पदार्थ आधींच संपविणें प्राप्त होतें. म्हणून स्वीडिश भाषेंत या दिवसाचें नांवच ‘स्निग्ध मंगळवार’ असें आहे. गोमंतकांतील इंत्रूज, म्हणजेच कार्निव्हल, याची सांगताहि याच मंगळवारीं होते. दोहोंचें मूळ एकच.

१६ व्या शतकांत, राजा गुस्ताव वासा याच्या कारकीर्दींत, स्वीडननें रोमच्या धर्मपीठाशीं नातें तोडलें व मार्टिन ल्यूथरचा पंथ स्वीकारला. उपवासाचें बंधन क्रमाक्रमानें सुटलें. कारण नाहीसें झालें म्हणजे कार्यहि नाहीसें व्हावें, असें तर्कशास्त्र सांगतें. परंतु लोकव्यवहार तर्कशास्त्राच्या शाळेंत शिकलेला नसतो. उपवास गेला, आदल्या दिवसाची मेजवानी तेवढी राहिली.

पूर्वीं हा पाव ऊन दुधांत घालून खात. १२ फेब्रुवारी १७७१ रोजीं, नेमक्या याच मंगळवारीं, राजा अडॉल्फ फ्रेड्रिक यानें शेवंड, माशांचीं अंडीं, आंबविलेला कोबी, शँपेन आणि शेवटीं दुधांतला हा पाव, असें भरपेट जेवण केल्याचें सांगतात. त्याच दिवशीं त्याचा अंत झाला. बिचारा राजा! सत्ता सारी वर्गसभेच्या हातीं. त्यानें सही नाकारली, तर त्याच्या नांवाचा शिक्का उमटवून काम भागवीत. वीस वर्षें गादीवर बसून तो लोकांच्या स्मरणांत राहिला, तो एका पावामुळें. एवढ्या जड जेवणांत घात कोणत्या घासानें केला, हें कोण सांगणार? दोष मात्र गोडाच्या माथीं आला.

राजा गेला, पण पाव गेला नाहीं; उलट तो अधिकच संपन्न झाला. फुगविलेल्या सायीचा थाट २० व्या शतकांतला. आज तर नाताळ सरतो न सरतो तोंच सेमला दुकानांत मांडलेला दिसतो.

अर्थ हरपलेली रूढि म्हणजे टरफल, असें मी वर्गांत मुलांना सांगत असें. ही हकीकत वाचल्यापासून तें वाक्य तितक्या जोरानें म्हणवत नाहीं. उपवासाबरोबर संयमहि गेला, ही हानि खरी. आणि आठवडेच्या आठवडे मिळणाऱ्या पदार्थाला सणाची गोडी कोठून असणार? परंतु लांबलेल्या काळोख्या हिंवाळ्यांत सारें घर एका टेबलाभोंवतीं बसतें, मुलांच्या नाकाला साय लागते, आणि वडील माणसें हंसतात, हाहि एक अर्थच नव्हे काय? तो मागाहून आला, इतकेंच.