बुरूड राजाचा कोट

नालासोपारा स्थानकावर उतरून पश्चिमेची वाट धरली आणि चाळी व दुकानांची गजबज मागे टाकली, की झाडांच्या आडोशास विटांचा जो खचलेला उंचवटा दृष्टीस पडतो, त्यास लोकपरंपरेत ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणतात. वस्तुतः तो कोट नव्हे, बौद्ध स्तूप आहे. तथापि बुद्धाचे नाव विसरूनही ज्या गावाने त्या ढिगाऱ्याचा मान राजाच्या नावे राखला, त्या गावाच्या स्मरणशक्तीस सर्वस्वी दोष देणे मला रुचत नाही.

सोपारा, म्हणजेच प्राचीन शूर्पारक, हे एके काळी पश्चिम किनाऱ्यावरील नामांकित बंदर. ग्रीक दर्यावर्दीच्या ‘पेरिप्लस’मध्ये त्याचा उल्लेख आहे, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने येथे प्रवाशांसाठी निवारे बांधल्याचे नाशिकच्या लेण्यात कोरलेले आहे, आणि कार्ल्याच्या चैत्यातील एका स्तंभाचा दाता सोपाऱ्याचा भिक्षू होता. बौद्ध कथेतला पूर्ण हा इथलाच व्यापारी. समुद्रपर्यटनाने धनवान झालेल्या या माणसाने प्रव्रज्या घेतली आणि पुढे त्याच्याच आमंत्रणावरून बुद्ध येथे आले, त्यांच्यासाठी चंदनाचा प्रासाद उभारला गेला, असे ‘दिव्यावदान’ सांगते. कथा ती कथाच. परंतु बुद्धास आणावयाचे तर ते बंदरातल्या सावकाराच्या दारी, ही कल्पना सुचण्यास ते बंदर तसेच सधन असावे लागते.

अशोकाच्या शिलालेखाचा एक तुकडाही येथेच, भातेला तळ्याजवळ, सापडला. तो आठव्या लेखाचा. पूर्वीचे राजे मृगयेसाठी विहारयात्रा करीत, आपण मात्र बोधिवृक्षाचे दर्शन घेतल्यापासून धर्मयात्रा आरंभिल्या, असे त्यात राजा सांगतो. ज्या गावी आज आपण पाहुणे म्हणून हिंडतो, तेथे नेमका हाच लेख हाती लागावा, हा योगायोग मोठा मार्मिक खरा.

स्तूपाचे रहस्य उकलले ते 1882 साली. डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या हाताखाली तयार झालेले जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी ढिगारा मधोमध खणला, तेव्हा विटांच्या पोकळीत एक वर्तुळाकार दगडी पेटी निघाली. तिच्यात आठ बुद्धमूर्ती कडे करून बसविलेल्या, आणि मधोमध तांब्याचा करंडक. त्यात रुप्याचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा, त्यात सोन्याचा. बुरुडाच्या घरी टोपलीत टोपली बसवितात तशीच ही रचना, मग लोकांनी नाव चुकीचे दिले असे म्हणावे तरी कसे! सोबत सोन्याची फुले होती आणि यज्ञश्री सातकर्णीचे एक रुप्याचे नाणेही होते. आणि त्या शेवटच्या सुवर्णकरंडकात काय होते? मातीच्या भांड्याचे 13 इवलेसे तुकडे. ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे, अशी त्यामागची श्रद्धा.

नाणे सातवाहनकालीन, तर मूर्ती आठव्या-नवव्या शतकाच्या सुमाराच्या. म्हणजे मधल्या काळात कोणीतरी हा स्तूप उघडून, मूर्ती मांडून पुन्हा मिटविला असला पाहिजे. त्या अज्ञात हाताविषयी माझ्या मनात सोन्याहून अधिक कुतूहल आहे.

बंदराचे पुढे काय झाले, ते या भूमीवर हिंडताना उमगते. खाडी गाळाने भरत गेली, व्यापार ठाणे-वसईकडे वळला, आणि ज्या जमिनीवर जकात गोळा होई तिच्या आसमंतात केळीच्या बागा वाढल्या. पिकलेली केळी उन्हात वाळवून केलेली सुकेळी आजही वसईची खूण. तिचा चिकट गोडवा जिभेवर रेंगाळत असता निर्मळच्या तळ्याकडे वळावे, ही माझी सूचना.

त्याआधी मुंबईस एशियाटिक सोसायटीत जतन केलेले ते करंडक मात्र अवश्य पाहून यावे; कोटावर आता त्यांची जागा तेवढी उरली आहे.