पश्चात्ताप आणि पाचारण (ख्रिस्ती धर्म)

पश्चात्ताप आणि पाचारण या ख्रिस्ती जीवनातील परस्परपूरक संकल्पना आहेत. पाप मान्य करून देवाकडे वळणे म्हणजे पश्चात्ताप, तर जीवनातील कार्यासाठी देवाने दिलेली हाक म्हणजे पाचारण होय.

अर्थ

नव्या करारातील ‘मेटानोइया’ या ग्रीक शब्दाचा अर्थ मनःपरिवर्तन असा आहे. त्यामुळे केवळ हळहळ म्हणजे पश्चात्ताप नव्हे. लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या पुत्र चूक उमगताच उठून पित्याकडे परततो. मार्ककृत शुभवर्तमानात येशू प्रथम पश्चात्तापाचा संदेश देतो आणि त्यानंतर शिमोन व अंद्रिया या कोळ्यांना बोलावतो. ते जाळी सोडून त्याच्यामागे जातात. पाचारण धर्मगुरूंपुरते मर्यादित नसून सामान्य व्यवसायांनाही लागू होते, असे मार्टिन ल्यूथर यांनी प्रतिपादन केले.

महाराष्ट्रातील उदाहरणे

पंडिता रमाबाई यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. आपल्याला ख्रिस्ती धर्म लाभला, पण ख्रिस्त लाभला नव्हता. तो अनुभव काही वर्षांनी आला, असे त्यांनी आत्मनिवेदनात नमूद केले आहे. १८९६–९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातील निराधार स्त्रिया व मुलींना आश्रय दिला. त्यातून केडगाव येथील ‘मुक्ती’चे कार्य विस्तारले.

कवी नारायण वामन टिळक यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये झाला. पुढे १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला.

दोघांच्याही जीवनात बाप्तिस्म्यानंतर पाचारणाचा शोध चालूच राहिला. वऱ्हाडातील यवतमाळ येथे १९५३ मध्ये स्थापन झालेले युनियन बिब्लिकल सेमिनरी हे धर्मसेवेच्या प्रशिक्षणाचे केंद्र होते. १९८३ मध्ये ते पुण्यास हलवण्यात आले.