बालसंधिवाताची हकीकत

संधिवात म्हणजे उतारवयाचे दुखणे, ही समजूत आपल्याकडे आजही इतकी पक्की आहे की, सकाळी उठल्यावर पाय टेकवेना म्हणून रडणाऱ्या चार वर्षांच्या मुलीला 'खेळताना लागले असेल' असे सांगून घरचे लोक महिनोन् महिने तेल चोळीत राहतात. या व्याधीस स्वतंत्र ओळख मिळाली ती लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट येथील बालरुग्णालयात. पॅरिसच्या वैद्यांनी अशा मुलांची वर्णने त्यापूर्वीच केली होती. परंतु जॉर्ज फ्रेडरिक स्टिल या अवघ्या अठ्ठावीस वर्षांच्या वैद्याने १८९६ साली वाचलेल्या आणि पुढील वर्षी प्रसिद्ध झालेल्या निबंधात बावीस मुलांची हकीकत अशा बारकाईने मांडली की, प्रौढांच्या आमवाताच्या सदरात या सर्वांची सरसकट नोंद करणे यापुढे अशक्य व्हावे. सुजलेल्या गुडघ्यावर हात ठेवला असता हाड वाढल्याचा भास होत नाही, सांध्याभोवतीचे मऊ आवरणच जाड झालेले जाणवते, मान आखडते, आणि काही मुलांत काखेतील ग्रंथी व प्लीहाही वाढलेली आढळते, हे त्याने बोटांनी चाचपून टिपले. माझ्या मते या शास्त्राचा खरा पाया तो स्पर्शच होय.

इलाजाची तजवीज मात्र फार उशिरा झाली. १९४७ साली टॅप्लो येथे, मूळच्या कॅनेडियन लष्करी इस्पितळात, बालकांच्या संधिविकारांसाठी खास विभाग उघडला, आणि एरिक बायवॉटर्स व बार्बरा अ‍ॅन्सेल यांनी तेथे मुलांवर वर्षानुवर्षे नजर ठेवली. सांधा निजवून ठेवला की तो वाकड्या स्थितीत जखडतो, हे जाणून तेथे व्यायामावर व हालचालीवर भर देण्यात आला. त्याच सुमारास आलेल्या कॉर्टिझोनने सूज झपाट्याने उतरे खरी, परंतु दीर्घकाळ दिल्यास मुलाची उंचीच खुंटे. सूज व वाढ या दोहोंचा सांभाळ करणारा उपाय, म्हणजे आठवड्यातून एकदा अल्प मात्रेत द्यावयाचे मेथोट्रेक्सेट, मुलांवरील रीतसर चाचणीने सिद्ध होण्यास १९९२ साल उजाडावे लागले. सूज भडकविणाऱ्या द्रव्यालाच अडविणारी जैविक औषधे त्यानंतर आली.

सोळा वर्षांच्या आत सुरू झालेली, सहा आठवडे टिकलेली आणि अन्य कारण न सापडणारी सांध्याची सूज, अशी या व्याधीची आजची व्याख्या आहे; परंतु वैद्याकडे जाण्यास त्या मुदतीची वाट पाहण्याचे कारण नाही. या व्याधीत काही मुलांच्या डोळ्यांच्या आतही सूज येते, आणि तेथे लाली वा वेदना काहीच नसल्याने दृष्टी जाऊ लागेपर्यंत घरात कोणाला पत्ता लागत नाही. म्हणून आईबापांना कळकळीची विनंती आहे की, मूल सकाळी लंगडत असेल तर तेलाची बाटली बाजूला ठेवून त्याला बालरोगतज्ज्ञाकडे न्यावे, आणि हे निदान झाल्यास नेत्रतज्ज्ञाकडून डोळ्यांचीही वेळोवेळी तपासणी करून घ्यावी.