विधिमंडळातून महापालिकेत : फजलुल हक यांची वाटचाल

माणूस आधी नगरपालिकेत जातो व पुढे विधिमंडळात, अशी सार्वजनिक जीवनाची शिडी आपण गृहीत धरतो. बंगालचे नेते अबुल कासेम फजलुल हक यांनी हा क्रम मानला नाही. प्रांतिक विधिमंडळाचा व मंत्रिपदाचा अनुभव घेऊन मग ते कलकत्त्याचे महापौर झाले.

त्यांचा जन्म १८७३ साली पूर्व बंगालातील बाकरगंज जिल्ह्यात झाला. प्रेसिडेन्सी कॉलेजात शिकून ते गणितात एम. ए. झाले. पुढे सर आशुतोष मुखर्जी यांच्या हाताखाली त्यांनी वकिलीचे धडे घेतले. काही वर्षे सरकारी नोकरी करून १९१३ साली ते बंगाल विधिमंडळावर निवडून आले. खेड्यातील मुलाला कॉलेजात प्रवेश मिळाला, तरी शहरात राहायचे कोठे, हा त्या काळचा बिकट प्रश्न होता. १९१६ साली कलकत्त्यात टेलर व कारमायकेल ही वसतिगृहे उभी राहिली, त्यात हकसाहेबांचा मोठा वाटा होता.

१९२४ साली ते शिक्षणमंत्री झाले. परंतु द्विदल राज्यपद्धती मोडून काढण्यासाठी चित्तरंजन दास यांच्या स्वराज्य पक्षाने विधिमंडळात मंत्र्यांचे वेतनच नामंजूर केले. काही महिन्यांतच हकसाहेबांचे मंत्रिपद गेले. मात्र त्यांच्या कारकिर्दीत ज्याचा पाया घातला गेला, ते इस्लामिया कॉलेज १९२६ साली सुरू झाले. पुढे शेख मुजीबुर रहमान तेथेच शिकले. आज ते मौलाना आझाद कॉलेज म्हणून ओळखले जाते.

त्याच १९२४ साली नव्या कायद्यानुसार कलकत्त्याला पहिला महापौर लाभला, तो म्हणजे चित्तरंजन दास. ज्या पक्षाने हकसाहेबांचे मंत्रिपद घालविले, त्याच पक्षाच्या नेत्याने भूषविलेल्या या पदावर १९३५ साली हकसाहेबांची निवड झाली. हा मान मिळविणारे ते पहिले मुसलमान. महापालिकेत मुसलमान सभासद अल्पसंख्य होते. तेव्हा इतरांच्या विश्वासावाचून ही निवड होणे शक्य नव्हते. मुदत एकाच वर्षाची होती. पण पाणी, गटारे, दिवाबत्ती, प्राथमिक शाळा हे विषय तेथे रोजचे होते.

१९३७ च्या निवडणुकीत त्यांनी पटुआखालीत ख्वाजा नाझिमुद्दीन यांचा पराभव केला आणि ते बंगालचे पंतप्रधान झाले. शिक्षणखाते त्यांनी स्वतःकडेच ठेवले. १९३९ साली मुलींसाठी लेडी ब्रेबोर्न कॉलेज निघाले. १९४० चा लाहोर ठराव त्यांनीच मांडला. त्या राजकारणाबद्दल आजही मतभेद आहेत. १९६२ साली ढाक्यात त्यांचे निधन झाले.

मंत्रिपद काही महिन्यांचे, महापौरपद एका वर्षाचे; पण वसतिगृहातील खोली आणि कॉलेजातील बाक यांचा लाभ पिढ्यान्‌पिढ्यांना झाला. म्हणून आपल्या पालकांनी नगरपालिकेची निवडणूक क्षुल्लक समजू नये. आपल्या मुलाची पहिली शाळा पुष्कळदा तिच्याच हाती असते. आणि विद्यार्थ्यांनी एवढे ध्यानात ठेवावे की, खुर्ची लहान की मोठी, हे तिच्यावर बसून केलेल्या कामावरून ठरते.