गुडघ्याचे सांधेरोपण : परिणाम व गुंतागुंत

संधिवाताने झिजलेल्या गुडघ्याचे पृष्ठभाग काढून तेथे धातू व पॉलिएथिलीनचे कृत्रिम भाग बसविण्याची शस्त्रक्रिया. महाराष्ट्रात तिची बरीच चर्चा झाली ती तत्कालीन पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्यामुळे. मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात डॉ. चित्तरंजन राणावत यांनी त्यांचा डावा गुडघा 2000 मध्ये, तर उजवा 2001 मध्ये बदलला.

परिणाम बहुधा चांगला असतो. सुमारे 80 टक्के कृत्रिम गुडघे 25 वर्षे टिकतात. तरीही पाचांतील एकाचे पूर्ण समाधान होत नाही, हे रुग्णाला आधीच सांगायला हवे. जंतुसंसर्ग शंभरात एकदोघांना होतो, पण तो सर्वांत त्रासदायक. कधीकधी सांधा काढून पुन्हा बसवावा लागतो. पायातील शिरेत रक्ताची गुठळी, सांधा आखडणे, सैल होणे हेही धोके आहेत. मधुमेह व धूम्रपानाने ते वाढतात.

शेतकरी रुग्णांनी कामाचाही विचार करावा. पुणे जिल्ह्यातील जुन्नर-आंबेगाव तालुक्यांत कांदालागवड, खुरपणी उकिडवे बसून होते. भातलावणी चिखलात वाकून. शस्त्रक्रियेनंतर चालणे सुधारते, उकिडवे बसणे मात्र सहसा जमत नाही. तेथील शिवनेरी किल्ल्याच्या, लेण्याद्री लेण्यांच्या पायऱ्या कठड्याच्या आधाराने, सावकाश चढाव्यात. जखमेतून स्राव, ताप किंवा पोटरीला सूज दिसताच शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावे.