ड्रेस सिंड्रोम : निदान

औषधामुळे उद्भवणारा, विरळ पण जिवावर बेतू शकणारा दाहजन्य विकार. अंगभर पुरळ, ताप, चेहऱ्यावर सूज, वाढलेल्या लसीकाग्रंथी, रक्तात इओसिनोफिल पेशींची वाढ आणि यकृत, मूत्रपिंड किंवा हृदयाला इजा ही त्याची लक्षणे. बोके, बागो व रूजो या फ्रेंच तज्ज्ञांनी १९९६ मध्ये त्याला ‘ड्रेस’ (ड्रग रॅश विथ इओसिनोफिलिया अँड सिस्टेमिक सिम्प्टम्स) हे आद्याक्षरी नाव दिले. कार्बामाझेपिन, फेनिटॉइन, लॅमोट्रिजिन, ॲलोप्युरिनॉल, सल्फासॅलाझिन आणि डॅप्सोन ही त्याची नेहमीची कारणे.

नाव त्वचेवरून आणि रक्तावरून पडले असले, तरी निदानाचा कणा आहे तो तारखांचा. औषधाचे साधे पुरळ बहुधा पहिल्या दोन आठवड्यांत उठते; ड्रेसला साधारण २ ते ८ आठवडे लागतात. तोवर ते औषध रुग्णाच्या अंगवळणी पडलेले असते आणि ‘नवीन काही घेतलं का?’ या प्रश्नाला तो प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. मधल्या काळात ताप आला म्हणून प्रतिजैविक दिले जाते, पाठोपाठ पुरळ दिसते आणि दोष त्या प्रतिजैविकाच्या माथी जातो; खरे कारण असलेली गोळी चालूच राहते. याचा सर्वांत अवघड नमुना कुष्ठरोगाच्या उपचारात सापडतो, आणि विदर्भातल्या डॉक्टरांना तो परका नाही. बहुऔषधोपचारातील डॅप्सोनमुळे चौथ्या-सहाव्या आठवड्याच्या सुमारास असाच विकार होऊ शकतो. मात्र ताप, सूज आणि ग्रंथी हे सगळे कुष्ठरोगाच्या स्वतःच्या प्रतिक्रियेतही (लेप्रा रिॲक्शन) दिसते. तिथे उपचार थांबवायचे नसतात, इथे डॅप्सोन त्याच दिवशी बंद करायचे असते. स्टिरॉइडने दोन्हीकडे आराम पडतो. त्यामुळे रुग्ण सुधारला म्हणून निदान बरोबर होते, असे ठरत नाही. २०१३ मध्ये चिनी कुष्ठरुग्णांच्या अभ्यासात एचएलए-बी*१३:०१ या जनुकप्रकाराचा डॅप्सोनच्या प्रतिक्रियेशी संबंध आढळला. तो असलेल्या प्रत्येकाला त्रास होतोच असे नाही, त्यामुळे ही चाचणी सावध करते, निवाडा देत नाही.

गुणांकन असताना तारखांवर इतकी भिस्त कशाला, असा आक्षेप येईल. युरोपीय ‘रेजिस्कार’ गुणांकन उपयुक्त आहेच. पण त्याचा मूळ हेतू जमा झालेल्या रुग्णांचे नंतर वर्गीकरण करण्याचा. विकार ओसरायला १५ दिवस किंवा अधिक लागले का, हा त्यातला एक निकष पहिल्या दिवशी कसा तपासणार? इओसिनोफिल काही रुग्णांत वाढतच नाहीत, आणि त्वचेचा तुकडा तपासून मिळणारे चित्र इतर विकारांतही दिसते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: क्षयरोगात चार औषधे एकाच दिवशी सुरू होतात, तिथे तारीख काय सांगणार? खरोखरच काही नाही. तेव्हा सगळी थांबवून, प्रकृती स्थिरावल्यावर एकेक सावधपणे परत देण्याची जोखीम तज्ज्ञांना घ्यावी लागते. पॅच टेस्ट (संशयित औषध त्वचेवर लावून केलेली चाचणी) काही महिन्यांनी करता येते. तिचा उपयोग कार्बामाझेपिनसाठी बऱ्यापैकी, ॲलोप्युरिनॉलसाठी जवळजवळ नाही. अपस्माराच्या रुग्णाला कार्बामाझेपिन बंद करून फेनिटॉइन देणे मात्र घातक ठरू शकते, कारण रचनासाधर्म्यामुळे तीच प्रतिक्रिया पुन्हा उसळू शकते.